तिऱ्हाईत बाईच्या हवाली

"म्हणजे पैसे त्या घरवाल्यालाही द्यायचे नाहीत?" डॉन एव्हारिस्तोंनी पुन्हा विचारलं.

"नाही, आपा," त्यांची लेक म्हणाली.

"आणि आपल्याकडेही ठेवायचे नाहीत."

"नाही."

"मग द्यायचे कुणाला?"

"त्या बाईंना." ओफेलियाने गाडीच्या काचेतून समोरच्या ऑफिसकडे बोट दाखवलं. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला बेकरी आणि मध्ये पांढऱ्या पडद्यांचं ते एस्क्रोचं ऑफिस.

"ती आपली कोण?"

"कुणी नाही."

"त्याची कोण?"

"त्याचीही कुणी नाही. म्हणून तर तिच्याकडे द्यायचे!"

डॉन एव्हारिस्तोंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मुकादमाला पैसे देऊन पाहिले होते, मेव्हण्याला दिले होते, एकदा तर एका पाद्र्यालाही दिले होते, आणि तिन्हीकडे ते बुडाले होते. पण ज्या बाईशी काडीचा संबंध नाही तिच्या दारात आपणहून जाऊन, लेकीच्या जन्माची कमाई टेबलावर ठेवून यायची, एवढं मात्र त्यांच्याकडून अजून झालं नव्हतं.

लेक स्कूलबस चालवायची. कॅलिफोर्नियातल्या सांता पाउला गावातली निम्मी पोरं तिच्या बसमधून शाळेत गेली होती. नवरा केव्हाच फ्रेस्नोला निघून गेला होता, मुलगी नर्स होऊन सान होसेला लागली होती, आणि ओफेलिया आपांना घेऊन भाड्याच्या घरांतून फिरत होती. एक घर मालकाने मुलाच्या लग्नासाठी परत घेतलं, एक पाडलं, एकाचं भाडं एवढं वाढवलं की सोडावंच लागलं. शेवटी तिने बस डेपोतल्या बायकांच्या भिशीत नाव घातलं, एक भिशी संपली की दुसरी, रविवारी चर्चबाहेर मक्याच्या पिठाचे तमाले विकले, आणि पन्नाशी उलटल्यावर एका घराच्या बयाण्याइतके पैसे जमवले. ते पैसे आत्ता बँकेच्या ड्राफ्टच्या रूपात तिच्या ब्लाउजच्या आत होते. पर्सवर तिचा विश्वास नव्हता.

तिचा मामेभाऊ तिनो घरांचा एजंट होता. तो ऑफिसच्या दारातच उभा होता, केसांना भरपूर जेल आणि अंगाला भरपूर अत्तर लावून.

"चला, चला! ओफे, आज हसायचं असतं. आज आपण एस्क्रोत शिरतोय!"

"याला असा आनंद झालाय की जणू बोटीत बसून फिरायला निघालोय," आपा पुटपुटले.

आत नोरीन हागोपियन बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, चष्मा साखळीला, केस घट्ट बांधलेले. त्यांनी फाइल उघडली आणि ओफेलियाला समजावून सांगितलं. पैसे त्यांच्याकडे राहणार. घरमालकही घराच्या मालकीचं खत सही करून त्यांच्याचकडे देणार. मधल्या काळात घराची तपासणी होईल, घरावर कुणाचा दावा नाही ना ते शोधलं जाईल, बँक कर्ज मंजूर करेल. दोघांनी लिहून दिलेल्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की एकाच वेळी खत इकडे, पैसे तिकडे. त्याआधी पैशाला कुणी हात लावू शकत नाही.

"मी मागितले तरी?" ओफेलियाने विचारलं.

"एकट्या तुम्ही मागितलेत तर नाही. एकट्या त्यांनी मागितले तरी नाही."

आता आपा पुढे सरकले. "बाई, आमच्या गावाकडे, मेक्सिकोतल्या हालिस्कोत, घोड्यांच्या शर्यती लागायच्या. दोन्हीकडच्या पैजेचे पैसे एका माणसाच्या टोपीत ठेवायचे. कोणता माणूस निवडायचे माहितीये? ज्याचं गावात कुणाशीच पटत नाही असा."

तिनोने डोळे मिटून घेतले. नोरीनबाईंनी मात्र चष्मा काढला आणि गंभीरपणे मान हलवली. "हाच धंदा आहे, सेन्योर. माझी टोपी जरा मोठी आहे, एवढंच. आणि माझं माझ्या बहिणीशीही पटत नाही."

आपांनी लेकीकडे वळून सांगितलं, "दे हिला पैसे. बाई बरोबर आहे."

घर गावाच्या वरच्या अंगाला होतं, लिंबांच्या बागा जिथे टेकडीला टेकतात तिथे. लाकडी, फिकट हिरवं, पुढे ओसरी. ते ओफेलियाच्या बसच्या रस्त्यावरचं शेवटचं घर. शेवटचं पोर उतरवलं की ती त्याच्यासमोरच बस वळवायची. मालक वॉल्टर लिंडक्विस्ट शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. दुपारी ते ओसरीवर बसलेले असायचे आणि बस वळली की हात वर करून ओरडायचे, "सलाम, कॅप्टन!" ओफेलिया हॉर्न वाजवायची. वर्षानुवर्षं हे चाललेलं. तिला त्यांचं नाव माहीत होतं, त्यांना तिचं नव्हतं.

दारावर विक्रीची पाटी लागली तेव्हा ती बसमध्येच मोठ्याने म्हणाली होती, "माझं!" घर बघायला ती गेली त्या दिवशी मास्तर रिवाजाप्रमाणे बाहेर गेले होते. आणि तिनोने तंबी दिली होती, "एस्क्रो बंद होईपर्यंत विकणाऱ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. मी बोलेन त्यांच्या एजंटशी. तू बोललीस की घोळ झालाच म्हणून समज." त्यामुळे ओफेलिया रोज बस वळवायची, हॉर्न वाजवायची, आणि चोरी केल्यासारखं तोंड करून निघून जायची.

बाकी जगाला मात्र तिने सांगून टाकलं होतं. "आम्ही एस्क्रोत आहोत," असं म्हटलं की डेपोतल्या बायका दिवस गेल्यासारखं विचारायच्या, "अगं बाई! कधीची तारीख?" बेकरीवाल्या दोन्या चेलोने तर मिठाईचा पुडा हातात दिला आणि बजावलं, "जड उचलू नकोस हं या दिवसांत."

आणि मग तपासणी झाली.

तपासणीस छतावर चढला, घराखाली सरपटला, नळ उघडून पाहिले, सगळं ठीक. जाता जाता जेवणघराच्या भिंतीला कान लावला आणि तसाच उभा राहिला.

"बाई, ही भिंत गुणगुणतेय."

ओफेलियाने कान लावला आणि चटका बसल्यासारखी मागे झाली. भिंतीच्या आत मधमाश्या होत्या. दहावीस नव्हे, मोहोळच्या मोहोळ. बाहेरच्या फळ्यांच्या एका फटीतून त्यांची ये-जा चालली होती, समोर बागेत लिंबाला बहर होता, त्यामुळे तर नुसती झुंबड.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असू देत. पण ओफेलियाला लहानपणी बागेत एक माशी चावली होती आणि तिचा गळा असा सुजला होता की आपांनी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत धाव घेतली होती. तेव्हापासून ती मधाची बाटलीसुद्धा लांबून उघडायची.

"माश्या गेल्या पाहिजेत," ती तिनोला म्हणाली. "तेवढं करून दिलं की बाकी घर मला जसंच्या तसं चालेल."

तिनोने तसं लिहून पाठवलं. मास्तरांच्या एजंटाकडून उत्तर आलं, नाही. तिनोने पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही, आणि या वेळी खाली एक ओळ जास्तीची: मालक या विषयावर बोलू इच्छित नाहीत.

"असा कसा हा माणूस!" ओफेलिया घरी येऊन भांडी आपटू लागली. "रोज तर किती प्रेमाने हात हलवतो!"

"हात हलवायला पैसे पडत नाहीत," आपा म्हणाले.

तपासणीच्या अटीवर करार मोडता येण्याची मुदत संपत आली. तिनोने स्पष्टच सांगितलं, आता एक तर माश्यांसकट घर घ्यायचं, नाहीतर करार मोडून बयाणा परत मागायचा. मुदत उलटली तर बयाणाच धोक्यात.

ओफेलिया नोरीनबाईंकडे गेली. करार रद्द करायचा कागद मागितला. बाईंनी तो काढून दिला.

"यावर तुमची सही आणि त्यांची सही. दोन्ही झाल्या की तुमचे पैसे मोकळे."

ओफेलियाने सही केली. पेन खाली ठेवेना. "तुम्हाला काय वाटतं, बाई? मोडू का?"

"मला काही वाटायचे पैसे मिळत नाहीत."

"तरी पण. बाई म्हणून सांगा."

"इथे मी बाई नाही, टोपी आहे," नोरीनबाई म्हणाल्या. पण आवाज जरा मऊ झाला होता. "एवढं मात्र सांगते, कारण हे दोघांनाही सांगते. माझ्यासमोर येतात ते कागद. माणसं येत नाहीत. कागदावर 'नाही' लिहिलेलं असलं की ते का लिहिलंय हे मला दिसत नाही."

तो कागद पर्समध्ये घालून ओफेलियाने दुपारची फेरी केली. शेवटचं पोर उतरलं. ती बस वळवू लागली. मास्तर आज ओसरीवर नव्हते, फाटकापाशीच उभे होते. हात वर झाला, "सलाम, कॅप्टन!" आणि लगेच, "काय झालं? तोंड का उतरलंय?"

ओफेलियाने ब्रेक लावला. तिनोची तंबी आठवली. तिने ती झटकून टाकली आणि बसचं दार उघडलं.

"काही नाही मास्तर. घराचं चाललंय जरा."

"घराचं! माझंही तेच." मास्तर पायरीला टेकून उभे राहिले. "मुलगी ओरेगनला बोलावतेय, एकट्याने राहू नका म्हणते, म्हणून विकायला काढलं. गिऱ्हाईकही मिळालं. पण माणूस, काय सांगू तुम्हाला! कुणी ओ. बारागान म्हणून आहे. तोंडसुद्धा पाहिलं नाही मी त्याचं, पण मनाने कसा आहे ते कळलं."

"कसा आहे?" ओफेलियाने सावधपणे विचारलं.

"खाटीक! माझ्या जेवणघराच्या भिंतीत मधमाश्या आहेत. त्या विषारी धूर सोडून मारा म्हणतो."

"मारा? असं म्हटलंय त्याने?"

"लेखी! औषध फवारणाऱ्या कंपनीचा दरसुद्धा जोडलाय सोबत. अहो, माझ्या बायकोच्या, आर्डिथच्या माश्या त्या. ती शेवटची आजारी होती ना, त्या वर्षी आपणहून येऊन बसल्या. उठवत नव्हतं तिला, तर मी तिची खुर्ची त्या भिंतीला लावून द्यायचो. कान लावून बसायची. म्हणायची, वॉल्टर, आज फार गडबडीत आहेत बायका, बहर आलेला दिसतोय. आणि बाग न बघता तिला बहर कळायचा! त्या मारू? पैशासाठी?" त्यांनी बसच्या दारावर हात आपटला. "मोडू दे म्हटलं करार. नको मला त्याचा पैसा."

ओफेलियाला तिनोचा गळा दाबावासा वाटला. 'गेल्या पाहिजेत' एवढंच ती म्हणाली होती. फवारणीचा दर त्याने स्वतःच्या हुशारीने जोडला होता, सगळ्यात स्वस्त म्हणून.

"मास्तर," ती म्हणाली, "तो बारागान पुरुष नाहीये."

"बाई आहे? मग तर आणखीच—"

"मी आहे."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी बसकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा बसकडे पाहिलं, जणू बसनेही यात फसवलं होतं.

"तुम्ही? कॅप्टन?"

"ओफेलिया बारागान. आणि मी मारा म्हटलं नव्हतं. मला एकदा चावली होती, मरता मरता वाचले. भीती वाटते हो मला. म्हणून गेल्या पाहिजेत म्हटलं. कुठे जायच्या त्या सुखाने जाऊ देत."

मग मास्तर बसच्या पायरीवर मटकन बसले.

"म्हणजे इतके दिवस मी ज्याला शिव्या घालतोय, ती तुम्ही."

"मी तरी काय, रोज घरी जाऊन तुम्हाला घालतच होते."

"कोणत्या भाषेत?"

"दोन्ही."

मास्तर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग टोपी खाली पडली. ओफेलियाही स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटली. आणि हसता हसता हात चुकून हॉर्नवर पडला तसं शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

डोळे पुसून मास्तर म्हणाले, "इथून जवळच, ओहाय गावात एक पोरगी आहे, जोलीन. मोहोळ जिवंत काढून नेते. राणीसकट. महाग आहे, पण मला कुणी विचारलंच नाही, नाहीतर कधीच बोलावली असती."

"निम्मा खर्च मी देते."

"काही नको. माझ्या माश्या, माझा खर्च. तुम्हाला चावतात हे मला कुणी सांगितलं असतं तर!"

दुसऱ्या दिवशी दोघं एकदमच नोरीनबाईंच्या दारात उभे राहिले, तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या. "एकत्र? भांडायचं असेल तर बाहेर. टायरवाल्याकडे जागा आहे."

"भांडायला नाही," ओफेलिया म्हणाली. "लिहून द्यायला आलोय. माश्या जिवंत काढायच्या, त्या जोलीनचं बिल यांच्या वाट्याच्या पैशातून तुम्हीच परस्पर चुकतं करायचं, आणि भिंत हे नीट करून देणार."

नोरीनबाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग टाइप करायला बसल्या. दोघांनी त्यावर सह्या केल्या. ओफेलियाने पर्समधून तो चुरगळलेला कागद काढला. "आणि याचं काय करायचं?"

"एका सहीचा आहे ना? एका सहीचा कागद माझ्याकडे रद्दी असतो." बाईंनी तो घेऊन टोपलीत टाकला, आणि टाकताना पहिल्यांदाच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

तिनोला फोनवर कळलं तेव्हा तो किंचाळला. "तू बोललीस? विकणाऱ्याशी? अगं, असं कुणी करतं का!"

"तिनो," ओफेलिया गोड आवाजात म्हणाली, "तो फवारणीचा दर तू जोडलास ना, त्याबद्दल आपण रविवारी तुझ्या आईसमोर बोलू."

तिनोने तो विषय पुन्हा काढला नाही.

मोहोळ काढायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. जोलीन म्हणजे उंच, धिप्पाड पोरगी, पांढऱ्या कपड्यांत आणखीच मोठी दिसणारी. आपांनी तिच्यासमोर टोपी काढली, "सेन्योरिता, तुम्ही चंद्रावर निघालात की काय?" मास्तरांनी स्वतःच्या हाताने बाहेरच्या फळ्या एकेक करून सोडवल्या. शेवटची फळी निघाली आणि सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. भिंतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत पोळी लटकत होती, माणसाच्या उंचीची, जुनी तपकिरी, नवी लोण्यासारखी पांढुरकी, आणि त्यांच्यावर माश्यांचा जिवंत, चमकणारा गालिचा.

ओफेलिया गाडीत बसून बघत होती. चारी काचा घट्ट बंद, आत घामाच्या धारा. मध्येच ती काचेवर टकटक करायची आणि ओठांनी विचारायची, "झालं?" आपा बाहेरून मान हलवायचे, "अजून नाही!" आणि त्यांना काय मजा वाटायची कुणास ठाऊक, दर वेळी आधी काचेपाशी बोटांनी माशी उडवून दाखवायचे.

जोलीनने एका हलक्या नळीने माश्या ओढून पेट्यांत घेतल्या, पोळी कापून चौकटींत बांधली. सगळ्यात शेवटी तिने हात वर केला. तिच्या चिमटीत एक छोटी जाळीदार डबी होती आणि डबीत राणी. मास्तर जवळ गेले. चष्मा पुसला, डबीत डोकावले.

"धडधाकट आहे?"

"उत्तम आहे," जोलीन म्हणाली. "ओहायला संत्र्यांच्या बागेत ठेवतेय यांना. ओरेगनहून याल तेव्हा भेटायला या. घर दाखवते त्यांचं."

मास्तरांनी मान हलवली. आपांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. मास्तरांना स्पॅनिश येत नव्हतं. त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. आपांना इंग्रजी जेमतेम यायचं. पण दोघं त्यानंतर बराच वेळ बोलत उभे होते आणि कुणाचंच कुणाशी अडलं नाही.

मग मध वाटला गेला. माश्यांना पुरेल एवढा जोलीनने ठेवला, उरलेला इतका होता की शेजारणींनी घरून पातेली, बरण्या आणल्या, एकीने तर बाळाचा आंघोळीचा टब आणला. दोन्या चेलोने तिथल्या तिथे तळणीत पुरीसारखे बुन्युएलोस तळले, कुरकुरीत, पातळ, आणि त्यांवर गरम मध ओतून प्रत्येकाच्या हातात दिले. लिंबाच्या बहराचा वास होता त्या मधाला. ओफेलिया शेवटची माशी पेटीत गेल्यावर गाडीतून उतरली, पहिला घास घेतला, आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच कबूल केलं की माश्या फार काही वाईट नसतात, लांब असल्या म्हणजे.

फळ्या परत बसवायचं काम मास्तरांनी दोन दिवसांत केलं. आपा रोज तिथे जायचे. तिनोने घाबरून सांगितलं होतं की खत नावावर होण्याआधी घेणाऱ्यांनी घराला हात लावायचा नाही, म्हणून आपांनी हात लावला नाही. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि नुसतं बोट दाखवायचे. "तिकडून वाकडी आहे." मास्तर फळी ठोकत ठोकत म्हणायचे, "काय म्हणतोय हा?" आणि मग पाहिलं तर फळी खरंच जराशी वाकडी असायची, नाहीतर अजिबात नसायची, दोन्ही वेळा भांडण सारखंच व्हायचं.

बँकेचा माणूस भिंत बघून गेला. कर्ज मंजूर झालं. सह्यांचा दिवस आला. रिवाज असा की विकणारा वेगळ्या वेळी येतो, घेणारा वेगळ्या. पण मास्तर आणि ओफेलिया एकदमच आले, आपा मध्ये. नोरीनबाईंनी त्यांना तरीही दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. "मैत्री बाहेर. इथे दोन बाजू." त्यामुळे आपांची धावपळ झाली. ओफेलियाच्या खोलीतून तमाल्यांची ताटली मास्तरांच्या खोलीत, मास्तरांचा काहीतरी निरोप ओफेलियाच्या खोलीत. ओफेलियाने एवढ्या सह्या केल्या की शेवटी शेवटी बारागानमधला 'गा' कुठे गेला तो सापडेना.

उठताना ओफेलियाने टेबलावर मधाची बरणी ठेवली. "तुमच्यासाठी, बाई."

नोरीनबाई मागे सरकल्या. "मला एका बाजूकडून काही घेता येत नाही."

तेवढ्यात दुसऱ्या दारातून मास्तर आले. त्यांच्याही हातात मधाची बरणी होती.

बाईंनी दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या. वाकून पातळी तपासली. मास्तरांच्या बरणीत बोटभर जास्त होता. बाईंनी ड्रॉवरमधून चमचा काढला, मास्तरांच्या बरणीतला मध ओफेलियाच्या बरणीत टाकत टाकत दोन्ही सारख्या केल्या, मग चमचा चाटला आणि म्हणाल्या, "आता चालेल." आपा एवढे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

खत काउंटीच्या ऑफिसात नोंदवलं जाणार होतं शुक्रवारी सकाळी. नोंद झाली की घर ओफेलियाचं. त्या आधी नाही. शुक्रवारी ती सकाळच्या फेरीला निघाली, फोन खिशात, आणि बस चालवताना फोनला हात लावायची सक्त मनाई. फोन थरथरला तेव्हा ती बागेच्या वळणावर होती आणि मागे सगळी बस भरलेली. तिने शाळेपर्यंत तसंच नेलं. शाळेच्या आवारात बस उभी करून इंजिन बंद केलं आणि फोन कानाला लावला. नोरीनबाईंचाच निरोप होता, नेहमीच्या सपाट आवाजात: "मिस बारागान, नोंद झाली. एस्क्रो बंद झाला. माझ्या टोपीत आता काही नाही." आणि मग, थोडं थांबून, तेवढ्याच सपाट आवाजात, "अभिनंदन. हे मी बाई म्हणून म्हणतेय."

ओफेलिया हुंदका देऊन रडायला लागली. पहिल्या सीटवरची चिमुरडी घाबरली. "मिस ओफी, कुणी मेलं?"

"नाही गं राणी," ओफेलिया नाक पुसत म्हणाली. "मला घर झालं!"

कुणालाच नीटसं कळलं नाही, पण मागच्या सीटवरच्या एका पोराने टाळ्या वाजवल्या आणि मग अख्खी बस टाळ्या वाजवत, पाय आपटत ओरडायला लागली, "मिस ओफीला घर झालं! मिस ओफीला घर झालं!" शिक्षिका बाहेर धावत आल्या. शाळेची घंटा होऊन गेली तरी एकही पोर उतरेना.

संध्याकाळी किल्ल्या मिळाल्या. मास्तर आदल्या दिवशीच ओरेगनला गेले होते. जेवणघरातली आर्डिथची खुर्ची मात्र मुद्दाम मागे ठेवून गेले होते, वर चिठ्ठी: 'बसायला.' तिनो सामानाचा ट्रक घेऊन आला, डेपोतल्या बायका आल्या, दोन्या चेलो आली, मुलीने सान होसेहून व्हिडिओवर घर बघितलं आणि स्वयंपाकघराच्या रंगाला नावं ठेवली.

सगळे गाद्या, खोकी वाहत होते आणि आपा कुठे दिसेनात. ओफेलिया शोधत शोधत पुढच्या खोलीत गेली. आपा भिंतीसमोर उभे होते, एका हातात हातोडी, तोंडात खिळा.

"आपा? काय लटकवायचंय?"

आपांनी तोंडातला खिळा काढला. "काही नाही."

"मग?"

"पोरी, या देशात आलो तेव्हापासून राहिलो त्या प्रत्येक घरात एकच पाटी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, अनामत कापली जाईल. तुझ्या आईचा फोटो आयुष्यभर फ्रिजवर उभा ठेवला मी." त्यांनी खिळा भिंतीला टेकवला. "ठोकू?"

"विचारता काय? तुमचंच घर आहे."

"तुझं आहे. तू सांग."

"ठोका, आपा."

आपांनी दणका घातला. तो अर्धा खिळ्यावर आणि अर्धा अंगठ्यावर बसला. अशी शिवी बाहेर पडली की दारात उभ्या दोन्या चेलोने छातीवर क्रूसाची खूण केली. खिळा वाकडा गेला होता. आपांनी अंगठा तोंडात घातला, डोकं तिरकं करून खिळ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग खिशातून दुसरा खिळा काढला.

"आपा, किती ठोकणार आहात?"

"तू तुझं काम बघ," ते म्हणाले.

बाहेरून तिनो ओरडत होता, सोफा दारातून जात नाहीये, पाय काढावे लागतील, कुणीतरी या. ओफेलिया बाह्या सरसावत धावली.